ऑर्बिटची मागची कड : नागपुरातील एका सीएमईचा अनुभव

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, आणि वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात भरलेल्या क्रेनिओफेशियल, म्हणजे कवटी आणि चेहऱ्याच्या, शस्त्रक्रियेच्या दोन दिवसांच्या सीएमईला (डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला) मी नाव नोंदवले ते, खरे सांगायचे तर, त्याच हिशेबाने.

पहिला दिवस व्याख्यानांत गेला. फ्रेंच सर्जन पॉल तेसिए यांनी १९७६ साली चेहऱ्याच्या जन्मजात दुभंगांना ० ते १४ असे क्रमांक देऊन केलेले वर्गीकरण पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही पाठ असते. त्यावर पाऊण तास खर्ची घालण्याचे प्रयोजन मला कळले नाही. जेवण उत्तम होते.

दुसऱ्या दिवशी मात्र कवटीची मॉडेल, तुटलेल्या हाडावर बसवायची टायटॅनियमची जाळी आणि अवजारे समोर आली. ऑर्बिटच्या, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या, तळाच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रिया मी गेली कित्येक वर्षे करतो आहे, म्हणून काहीशा आत्मविश्वासानेच एलिव्हेटर (ऊती उचलून धरण्याचे चपटे अवजार) आत सरकवला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ सर्जनांनी माझे मनगट हलकेच खाली दाबले आणि म्हणाले, "तुम्ही सरळ जाताय, तळ वर चढतोय." तळाला मागे चढण असते हे पुस्तकात वाचलेले होतेच, परंतु आडवा धरलेला हात त्या चढणीखालून मॅक्सिलरी सायनसमध्ये (गालाच्या हाडातील पोकळीत) कसा उतरतो, जाळी मागच्या शाबूत कडेवर टेकण्याऐवजी तिच्याखाली कशी लोंबत राहते, आणि सूज ओसरल्यावर डोळा आत गेलेला का दिसतो, हे त्या एका दाबाने समजले.

तीन आठवड्यांनी दुचाकीवरून पडलेल्या एका तरुणावर शस्त्रक्रिया करताना मी निरोगी बाजूची आरशातील प्रतिमा थ्रीडी प्रिंटवर घेऊन जाळी आधीच वाकवून ठेवली, ती बसवण्यापूर्वी आणि नंतर चिमट्याने डोळा फिरवून स्नायू कुठे अडकत नाही ना ते पाहिले, आणि नंतरच्या सीटीतील सॅजिटल (बाजूने पाहिलेल्या उभ्या) कापात जाळीचे टोक कडेवर टेकलेले दिसले. एका रुग्णावरून कोणतीही कार्यशाळा सिद्ध होत नाही, हे मान्य. पण माझा हात बदलला.

तक्रारी दोन. बारा जणांत एक टेबल आणि एकच एलिव्हेटर, हे घेतलेल्या शुल्काला शोभणारे नव्हते. दुसरी अधिक गंभीर आहे. क्रेनिओसिनोस्टोसिसला, म्हणजे बाळाच्या कवटीच्या हाडांमधील शिवण वेळेआधीच जुळून डोक्याचा आकार बिघडण्याच्या विकाराला, जेमतेम वीस मिनिटे मिळाली. दुर्बिणीतून शिवण मोकळी करायची तर बाळ साधारण तीन-चार महिन्यांच्या आत हाती लागावे लागते. आमच्याकडे गोंदिया, गडचिरोलीहून येणारी बाळे बहुधा वर्षाची होऊन येतात, कारण "मोठं झालं की डोकं गोल होईल" असे कुणीतरी सांगितलेले असते. ही बाळे सर्वांत आधी ज्यांच्या हाताखालून जातात ते बालरोगतज्ज्ञ सभागृहात एकही नव्हते, आणि चौकशी केल्यावर कळले की त्यांना निमंत्रणच नव्हते.

नवख्यांपेक्षा ऑर्बिटची शस्त्रक्रिया स्वतः करणाऱ्यांनी जावे, अशी ही सीएमई आहे. पुढल्या वेळी केवळ दुसऱ्या दिवसाची नोंदणी मिळत असेल, तर माझ्या सहायकाचेही शुल्क मी भरेन.