दहा मीटर एअर पिस्तूल घेताना: मध्यम किमतीतील चार पर्यायांची तुलना

क्लबच्या पिस्तुलावर काही महिने सराव झाला की स्वतःचे पिस्तूल असावे, असे बहुतेक नेमबाजांना वाटू लागते. ऑलिंपिकचे ध्येय नसलेल्या, पण आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी रेंजवर मनापासून घालवणाऱ्या हौशी माणसासमोर तेव्हा पर्याय फार नसतात. मात्र जे असतात ते एकमेकांपासून इतके वेगळे असतात की घाईने केलेली निवड पुढची काही वर्षे हाताला खुपत राहते. त्यामुळे येथे सर्वोत्तम पिस्तूल कोणते हे ठरवण्यापेक्षा, कोणत्या परिस्थितीतील नेमबाजाने कोणते पिस्तूल घ्यावे याचा विचार केला आहे.

चर्चा दहा मीटर एअर पिस्तुलापुरतीच आहे. पॉइंट २२ बोअरच्या, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या, पिस्तुलासाठी शस्त्र परवाना लागतो. तो शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळवावा लागतो, शिवाय काडतुसांचा हिशोब ठेवावा लागतो. केवळ छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्याने सुरुवातीलाच या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या हवाई शस्त्राचा बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त नाही आणि ज्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सोडते, म्हणजे त्याची ऊर्जा जेमतेम पाच-सहा ज्यूल भरते. तरीही विक्रेत्याला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा, आणि पिस्तूल नेताना ते रिकामे, बंद पेटीत व खरेदीच्या पावतीसह न्यावे.

ज्या चार पिस्तुलांची तुलना करायची ती अशी: रशियन बनावटीचे बैकाल आयझेडएच-४६एम, जर्मनीच्या वॉल्थरकडून तयार होणारे हॅमर्ली एपी-२०, ऑस्ट्रियाचे स्टायर एलपी-२, आणि स्वित्झर्लंडचे मोरिनी सीएम-१६२ ईआय. यांतील शेवटचे नवीन घेतले तर ते मध्यम किमतीत बसत नाही, म्हणून त्याचा विचार फक्त वापरलेले पिस्तूल म्हणून केला आहे. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या बाटलीवर चालणारी, सैनिकी पिस्तुलांची नक्कल असलेली स्वस्त पिस्तुले मी मुद्दाम वगळली आहेत. त्यांचा ट्रिगर जड असतो, नेम धरण्याच्या साइट्स ओबडधोबड असतात आणि विदर्भातील उन्हाळ्यात वायूचा दाब वाढला की छर्ऱ्यांचा वेगही बदलतो.

या चौघांत सर्वांत मोठा फरक आहे तो हवा कोठून येते याचा. बैकालमध्ये प्रत्येक नेमापूर्वी नळीखालचा लांब दांडा पुढे ओढून परत मिटवावा लागतो आणि त्या एकाच हालचालीत एका छर्ऱ्यापुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, हवा भरण्यासाठी कोणावर अवलंबून राहणे नाही, आणि हवेचे प्रमाण प्रत्येक वेळी जवळपास सारखेच असल्यामुळे अचूकता आश्चर्य वाटावे इतकी चांगली असते. उरलेल्या तिन्ही पिस्तुलांत नळीखाली सिलिंडर असतो. तो २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरला की दीडशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक छर्रे सहज सुटतात, आणि आतला रेग्युलेटर सिलिंडरमधील दाब उतरत गेला तरी झडपेला मिळणारा दाब कायम राखतो. त्यामुळे पहिल्या आणि शंभराव्या छर्ऱ्याच्या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

कागदावर सिलिंडरचे पिस्तूल सरस दिसते, आणि पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी किंवा कोल्हापुरात दुधाळी अशा रेंजच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ते खरोखर सरस आहे, कारण हवा भरण्याची सोय तिथे होऊ शकते. पण जिथे जवळ रेंज नाही आणि घराच्या गच्चीवर किंवा लांब पडवीत दहा मीटर मोजून सराव करायचा आहे, तिथे हातपंपाने २०० बारपर्यंत हवा भरणे हा मोठा व्याप होतो. शेवटचे पन्नास बार भरताना चांगला धडधाकट माणूसही घामाघूम होतो. शिवाय कोकणासारख्या दमट हवेत पंपातून ओलावा आत जातो, म्हणून आर्द्रता शोषणारा फिल्टर नसलेला पंप वापरूच नये. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नेमबाजाला बैकालसारखे स्वयंपूर्ण पिस्तूल जास्त सुखाचे ठरेल.

बैकालची उणीवही स्पष्ट सांगायला हवी. ते सुमारे १.३ किलो वजनाचे, नळीकडे झुकणारे पिस्तूल आहे. एका स्पर्धेत ६० छर्रे मारायचे असतात आणि सरावाचे नेम वेगळे. तितक्या वेळा दांडा ओढल्यावर खांदा आणि मनगट दमतात आणि प्रत्येक वेळी पकड सोडून पुन्हा घ्यावी लागते. नेमबाजीत पकड दर वेळी तंतोतंत तीच हवी असते, हे लक्षात घेतले तर या अडचणीचे महत्त्व कळेल. दुसरीकडे, हवा न दाबताही त्याचा ट्रिगर चढवता येतो, त्यामुळे छर्ऱ्याशिवायचा कोरडा सराव उत्तम होतो. आता ते नवीन मिळणे कठीण आहे. वापरलेले घेताना हवा दाबून अर्धा मिनिट थांबावे आणि मग छर्रा सोडून वेग घटल्याचे जाणवते का ते पाहावे. घटला असेल तर सील बदलावे लागेल, आणि किंमत ठरवताना तो खर्च धरावा.

एपी-२० आणि एलपी-२ यांच्यातील निवड अधिक नाजूक आहे. एपी-२० नवोदितांना समोर ठेवूनच बनवले आहे. ते हलके आहे, त्याची मूठ बरीच जुळवून घेता येते, आणि लहान चणीच्या व्यक्तीला किंवा नुकताच खांदा घडू लागलेल्या नेमबाजाला ते तासभर उचलणे जड जात नाही. मात्र हलके पिस्तूल थोड्याशा कंपनानेही हलते, आणि हात स्थिर झालेल्या नेमबाजाला पुढे वजनाची गरज वाटू लागते. एलपी-२ हे स्टायरच्या वरच्या श्रेणीतील एलपी-१० चे साधे भावंड आहे. त्यात झटका शोषणारी यंत्रणा नाही, पण पाच-सहा ज्यूलच्या पिस्तुलात झटका मुळातच इतका कमी असतो की हौशी नेमबाजाने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. एलपी-२ चा ट्रिगर मला अधिक स्वच्छ वाटतो: पहिला टप्पा संपल्याची भिंत बोटाला स्पष्ट कळते आणि त्यानंतर तो न घसरता तुटतो, म्हणजे छर्रा सुटतो. ज्याचे गुण साठ छर्ऱ्यांत साडेपाचशेकडे सरकू लागले आहेत त्याने एलपी-२ घ्यावे. त्याखालच्यांनी एपी-२० घेऊन उरलेली रक्कम छर्ऱ्यांवर खर्च करावी.

ट्रिगरच्या बाबतीत नियमाची मर्यादा सर्वांना माहीत असावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनावर तुटता कामा नये, आणि पिस्तुलाचे एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत हवे. स्पर्धेपूर्वी ट्रिगरला वजन टांगून तपासणी होते, म्हणून तो थोडा वर, ५२० ते ५३० ग्रॅमच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. जिल्हास्तरीय स्पर्धेत उतरायचा विचारही नसला तरी ट्रिगर याहून हलका करू नये. अतिहलक्या ट्रिगरवर बोटाला दाब हळूहळू वाढवण्याची सवयच लागत नाही, आणि सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

तरीही मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मूठ महत्त्वाची. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते, आणि चारही पिस्तुले बैठ्या टेकूवर बांधून मारली तर छर्रे त्याच वर्तुळात टाकतात. पिस्तुलाच्या अचूकतेमुळे हौशी नेमबाजाचा गुण सहसा जात नाही. तो जातो मनगट किंचित वळल्यामुळे, आणि मनगट वळते ते मूठ हाताला न बसल्यामुळे. म्हणून पिस्तूल हातात घेऊन डोळे मिटावेत, हात वर उचलावा आणि डोळे उघडावेत: फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ योग्य. ती सतत एका बाजूला दिसत असेल तर आकारमान बदलावे किंवा मुठीचा कोन जुळवावा; लाकडी मूठ कानशीने घासता येते आणि लाकडाच्या पुट्टीने भरताही येते. हाताच्या आकारानुसार लहान, मध्यम, मोठी अशा मुठी येतात. डावखुऱ्यांनी मागवण्यापूर्वी डाव्या हाताची मूठ मिळणार याची लेखी खात्री करून घ्यावी, कारण ती नंतर वेगळी मागवणे महाग पडते. चाळिशी ओलांडलेल्यांनी रिअर साइटची खाच रुंद करता येते का हेही पाहावे. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना पुरेसा उजेड दिसला की डोळ्यावरचा ताण बराच कमी होतो.

वापरलेल्या मोरिनीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. भारतीय नेमबाजांत ते फार लोकप्रिय आहे, आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दर वेळी इतका सारखा तुटतो की एकदा सवय झाली की यांत्रिक ट्रिगर नकोसा वाटतो. पण इलेक्ट्रॉनिक भाग म्हणजे बॅटरी, तार आणि सर्किट, आणि त्यांची दुरुस्ती गावातल्या कारागिराकडे होत नाही. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि त्या ५७५ गुणांसह बाराव्या राहिल्या. त्याच प्रकारात पॅरिसला २०२४ मध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. संघाचे साहाय्य असलेल्या खेळाडूलाही असा बिघाड महागात पडतो, तर एकट्या हौशी नेमबाजाने सुट्या भागांची सोय आधीच पाहून ठेवायला हवी. ज्यांना हे व्यवधान नको असेल त्यांच्यासाठी त्याच पिस्तुलाची यांत्रिक ट्रिगर असलेली आवृत्तीही आहे.

वापरलेल्या कोणत्याही सिलिंडरच्या पिस्तुलाबाबत एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, ती म्हणजे सिलिंडरवर कोरलेली तारीख. उत्पादक साधारणपणे दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नेमबाजावर असते. विक्रेता पिस्तूल अगदी थोडे वापरले आहे असे सांगतो, आणि ते खरेही असते. पण पेटीत पडून राहिलेल्या सिलिंडरचेही वय वाढतेच. मुदत संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सरळ वजा करून मागावी, आणि दोन सिलिंडर मिळत असतील तर दोन्हींच्या तारखा पाहाव्यात.

पिस्तुलाखेरीजचा खर्चही आधी धरावा. छर्ऱ्यांचा डबा सहसा पाचशेचा असतो आणि एका बैठकीत सत्तर-ऐंशी छर्रे सहज जातात, म्हणजे नियमित सराव करणाऱ्याला महिन्याला दोन डबे लागतील. सपाट तोंडाचे, पिस्तुलासाठीचे हलके छर्रेच घ्यावेत, आणि दोन-तीन प्रकारांचे एकेक डबे आणून कोणता आपल्या नळीला मानवतो ते पाहावे. घरी सराव करणाऱ्याने लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवावा, मागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी बसवावी, त्या बाजूला दार असल्यास ते आतून बंद करावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पावसाळ्यात पिस्तूल पेटीत ठेवताना लोखंडी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवावा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि पेटीची किल्ली घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.