मळ्यातला ट्रॅप कॅमेरा: थंडीत कामाचा, उन्हाळ्यात नुसता डबा

वस्तीवर, शेततळ्याशी, आमराईत रात्री कोण येऊन जातं हे बघायला आठ सेलांवर चालणारा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, पाच-सात हजारांतला साधा ट्रॅप कॅमेरा पुरतो. मात्र सोलापुरात तो दिवाळीच्या सुमारास घ्यावा. त्याचा सेन्सर प्राणी ओळखत नाही, मागची जमीन आणि समोरून हलणारं अंग यांच्या तापमानातला फरक टिपतो. डिसेंबरच्या गार पहाटे खोकड लांबूनही सापडतं. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या काळ्या रानासमोरून गाय गेली तरी हा ढिम्म.

खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, त्यावर पैसे घालवू नका. रात्रीच्या फोटोसाठी पेटणाऱ्या इन्फ्रारेड एलईडी कोणत्या ते विचारा. 850 नॅनोमीटरचा उजेड लांब जातो, पण पेटताना लाल ठिपके दिसतात. जनावर बिचकतं आणि चोरालाही पत्ता लागतो. 940 चा पल्ला कमी, पण दिसत नाही. पाणवठ्याशी लावायचा तर 940 च.

पाणवठा म्हणजे कुंभाराकडचं पसरट परळ. दीड-दोन इंच पाणी, मधोमध एक खडबडीत दगड, बस्स. मुंगूस, खोकड, ससा यांच्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, परळापासून तीन मीटरवर जाड खोडाला आवळा. तोंड उत्तरेकडे ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, लेन्सवर ऊन येत नाही. समोर ज्वारीचं ताट किंवा गवत नको. तापलेली पानं वाऱ्यावर हलली की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. थंडीत सेन्सिटिव्हिटी ‘लो’ वर पुरते.

पाखरांच्या बाबतीत मात्र हा कॅमेरा कच्चा. होले आणि ज्वारी हुरड्यात आली की थव्याने उतरणाऱ्या भोरड्या नीट येतात. धोबी, थिरथिरा या पाखरांचं अंगच एवढंसं, की तीन मीटरवर सेन्सरला पत्ता नसतो. परळ दीड-दोन मीटरवर घ्या, एका वेळी तीन फोटो लावा. तरी थिरथिऱ्याच्या पहिल्या फोटोत बऱ्याचदा नुसती तांबूस शेपटी असते! त्याहून जवळ गेलात तर फोकस जातो, आणि रात्री फ्लॅशने सगळं पांढरंफटक होतं; त्यावर अर्ध्या एलईडींवर कागदी चिकटपट्टी लावायची. खिडकीच्या काचेआडून प्रयोग करू नका, अंगाची उष्णता काचेपलीकडे पोचतच नाही.

सेल अल्कलाइन घ्या. स्वस्तातले साधे सेल रात्रीच्या व्हिडिओत लवकर बसतात. जुने-नवे मिसळू नयेत. 32 जीबीचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि सेल बदलले की तारीख-वेळ तपासा, नाहीतर पहाटेचं खोकड भर दुपारी दिसेल.

खरा शत्रू मुंग्या. दाराचं रबर जरा सैल असलं की आत अंडी घालतात. विकत घेतानाच झाकण लावून आत कागदाची पट्टी अडकवा. ओढल्यावर सहज निसटली तर तो नग नको. कॅमेरा खोडाला आवळायच्या पट्ट्यावर ग्रीसचं बोट फिरवा.

हे सगळं आपल्या बांधाच्या आत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात किंवा वनखात्याच्या कुरणात परवानगीशिवाय कॅमेरा बांधायचा नाही, आणि शेजाऱ्याच्या पायवाटेवरही रोखायचा नाही.