ग्रिडवर सॉफ्टवेअर पोहोचवायचं कसं: अ‍ॅपटेनर की सीव्हीएमएफएस?

ग्रिडवर, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांचे संगणक जोडून केलेल्या जाळ्यावर, जॉब (चालवायचं काम) पाठवणं सोपं. त्याला लागणारं सॉफ्टवेअर ऐनवेळी तिथल्या नोडवर (जाळ्यातल्या एकेका संगणकावर) हजर करणं, खरी गोची तिथे आहे. नोड आपला नाही, रूट (सर्वाधिकाराची) परवानगी नाही, आणि पलीकडच्या अ‍ॅडमिनला आपल्या लायब्ररींशी काही देणंघेणं नाही.

अ‍ॅपटेनर (आधीचं सिंग्युलॅरिटी, नाव २०२१ मध्ये बदललं) म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याच्या लायब्ररी असं अख्खं बिऱ्हाड एका फाइलीत, म्हणजे इमेजमध्ये, बांधून न्यायचं. डॉकर या अशाच दुसऱ्या साधनासारखा रूटच्या अधिकाराने सतत चालणारा प्रोग्रॅम (डेमन) मागे नसतो, त्यामुळे अ‍ॅडमिन सहसा आडकाठी करत नाहीत. तीच इमेज वर्षभराने चालवली तरी आतलं सॉफ्टवेअर तेच. पण ५ जीबीची इमेज ३०० नोड एकदम ओढू लागले की हिशेब दीड टीबीवर जातो. मी एका शुक्रवारी संध्याकाळी हा पराक्रम केलाय. सोमवारी क्लस्टरवाल्यांच्या (ते नोड सांभाळणाऱ्यांच्या) नजरेला नजर द्यायची सोय नव्हती. शिवाय एक ओळ बदलली तरी इमेज पुन्हा बांधा, पुन्हा सगळीकडे पाठवा.

सीव्हीएमएफएस म्हणजे दूरवरून सॉफ्टवेअर पुरवणारी फाइल सिस्टिम. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेत ती घडली. नोडवर फक्त वाचता येणारी एक डिरेक्टरी दिसते. सगळं तिथेच असल्यासारखं वाटतं, पण प्रोग्रॅमने फाइल उघडली की मगच ती एचटीटीपीवरून येते आणि नोडच्या कॅशमध्ये राहते. वाटेत साइटचा (त्या संगणक केंद्राचा) स्क्विड प्रॉक्सी, म्हणजे फाइली साठवून पुढे देणारा मधला सर्व्हर, असतो. पहिल्या नोडने मागितलेली फाइल बाहेरून येते, बाकीच्यांना ती घरातल्या घरात मिळते. नवी आवृत्ती द्यायची तर मूळ सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन उघडायचं, फाइली टाकायच्या, पब्लिश करायचं. मुंबईत टीआयएफआरमध्ये सीएमएस या सर्नच्या एलएचसी कणवेगकावरल्या प्रयोगाचं टिअर-२ (दुसऱ्या स्तराचं संगणन) केंद्र आहे. सीएमएसचं सॉफ्टवेअर अशा केंद्रांवर याच वाटेने जातं. खर्च कुठे? मूळ सर्व्हर सांभाळायला कायमचा माणूस हवा, आणि प्रत्येक नोडवर क्लायंट (ती डिरेक्टरी दाखवणारा प्रोग्रॅम).

दोन-तीन क्लस्टर आणि सहा महिन्यांतून एखादा बदल असेल तर सरळ अ‍ॅपटेनर घ्या. साइट डझनभर आणि बदल दर आठवड्याला असतील तर सीव्हीएमएफएसचा खटाटोप वसूल होतो. आधी पलीकडे एक ईमेल मात्र टाका: क्लायंट बसवलेला आहे का? एलएचसीच्या ग्रिडमधल्या साइटवर तो बहुधा असतोच.

तसा असेल तर मी दोन्ही वापरेन. इमेज उलगडून सीव्हीएमएफएसवर ठेवायची आणि अ‍ॅपटेनरला ती डिरेक्टरी दाखवायची. मग ५ जीबीपैकी जेवढं उघडलं तेवढंच येतं. जीपीयूचा ड्रायव्हर तेवढा कोणत्याच वाटेने जात नाही, तो नोडवर असेल तोच चालवून घ्यावा लागतो.