मनगटाचा स्प्लिंट: आठ महिने वापरल्यावर

मला चार वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात. प्राथमिक शाळेत शिकवते. मे महिन्यात फोंड्याच्या एका दुकानातून उजव्या मनगटाचा स्प्लिंट घेतला: कापडी पट्टा, तळहाताच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी, तीन वेल्क्रो.

खरा फरक पडला तो फळ्यापाशी. हात वर, मनगट मागे वळलेलं, त्यात खडू दाबायचा. चौथ्या ओळीपर्यंत कळ कोपरात यायची आणि मी मुलांनाच लिहायला उठवायचे. आता अख्खं गणित मी स्वतः सोडवून दाखवते. कुकर उचलणं, बादली सरकवणंही जमतं.

पण स्प्लिंट मनगट धरतो, बोटं नाही. वह्या तपासायला त्याचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी पेनला स्पंज गुंडाळून ते जाड केलंय. नारळ खवताना तर मनगट वळावंच लागतं, तिथे तो आडवाच येतो. चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मुरडायला बसले, तर दहाव्या नेवरीला अंगठ्याचं मूळ सुजलं. सासूबाई म्हणाल्या, "तू सारण भर गो, मी मुरडते." लग्न झाल्यापासून कड मीच मुरडत होते. त्या दिवशी फार रडू आलं.

पावसाळ्यात मात्र याचे हाल होतात. आत घाम साचतो, पुरळ येतं, धुतला तर दोन दिवस वाळत नाही. म्हणून मी जुलैत दुसरा घेतला. धुताना पट्टी काढायची आणि वेल्क्रो बंद ठेवायचे, नाहीतर त्यात धागे अडकून ते चिकटेनासे होतात. सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, तेव्हा ते पट्टे ओढणं हीच मोठी कसरत. मी प्रत्येक टोकाला नाडीचा फास शिवला. त्यात अंगठा घालून ओढते.

पहिला महिना मी तो दिवसरात्र घातला, ती चूक झाली. मनगट आणखीनच आखडलं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितल्यापासून कामापुरताच घालते, मग काढून मनगट हलवते. आणि हा औषधाच्या जागी नाही. माझं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, ते चुकवत नाही.

घेताना मनगटाचा घेर सूज असलेल्या दिवशी मोजा. आता डावं मनगटही दुखायला लागलंय, त्यालाही पुढच्या महिन्यात हाच घेणार आहे.