गोल्फ कोर्स की राई : हात वर करण्याआधी गावानं काय ताडून पाहावं

तेरेखोल हे गोव्याच्या उत्तर टोकाचं छोटं गाव. नदीपलीकडे केरी, जमिनीनं मात्र ते सिंधुदुर्गातल्या रेडीशी जोडलेलं. तिथल्या काजूच्या डोंगरावर गोल्फ रिसॉर्ट येऊ घातलं तेव्हा कुळांनी आणि गावकऱ्यांनी मोठा लढा दिला. असा प्रस्ताव किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात येऊ शकतो, म्हणून हा आढावा ग्रामसभेत बसणाऱ्यांसाठी.

सगळं रान कापून कोर्स करायचा असेल तर तुलनेचा प्रश्नच नाही, नकार द्यावा. खरा पेच पडतो तो ‘राई राखून कोर्स करू’ असं आश्वासन आणि कोर्स न करता राई तशीच ठेवणं, या दोहोंत.

आश्वासनात तथ्य आहे. अठरा होलच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या) कोर्साला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते. तिच्यात खळग्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं ग्रीन जेमतेम एक-दीड हेक्टर असतं, तिथवर चेंडू नेण्याचे कापलेल्या गवताचे पट्टे, म्हणजे फेअरवे, दहा-बारा हेक्टर. बाकीच्या जागेत झाडं ठेवता येतात. अमेरिकेत ऑड्युबॉन इंटरनॅशनल ही संस्था १९९१पासून गोल्फ कोर्सांसाठी अधिवास-संवर्धनाचा कार्यक्रम चालवते. पण झाडं उभी राहिली म्हणजे रान राहिलं असं नाही. हरवलेला चेंडू सापडावा म्हणून झुडपं, वेली, पालापाचोळा साफ होतो. मग खाली रोपं धरत नाहीत आणि आजची झाडं गेली की त्यांच्या मागे कोणी नसतं. फेअरवेनं राईचे तुकडे पडले की कडेनं ऊन-वारा आत शिरतो, पाठोपाठ रानमोडी हे झपाट्यानं पसरणारं तण. म्हणून विकासकाला किती झाडं ठेवणार हे विचारण्याआधी, किती सलग जागेतल्या तळाला हात लावणार नाही ते विचारा.

पाण्याचा हिशेब याहून अवघड. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खेळाचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते मे. तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं गवत उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर पाणी रोज द्यावं लागतं. पूर्ण कोर्साला दिवसाला लाखो लिटर. तेव्हाच गावाचे व्हाळ आटत आलेले असतात. बोअर मारून हे पाणी उपसलं तर राईतला झरा मरू शकतो, भले तिच्यातल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागलेली नसो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळांची देवराई आहे. अडीच हेक्टरांच्या आसपासची ही जागा राज्यानं २०२१मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथली झाडं पाणथळ जमिनीत मुळं वर काढून उभी आहेत. पाणी उतरलं तर एवढीशी राई कुंपण घालून वाचणार नाही.

‘मग कोर्स सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेऊ, ते तर पडीकच’ हा पुढचा प्रस्ताव. तोही मला मान्य नाही. पावसाळ्यात कातळावर दिपकाडी फुलते, सीतेची आसवं उमलतात. यातल्या काही वनस्पती जगात इतरत्र कुठेच नाहीत. शिवाय गवत रुजवायचं तर कातळावर बाहेरून माती आणून पसरावी लागते. खाणीनं आधीच उकरलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे नऊ होलचा छोटा कोर्स, तोही फक्त प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर आणि खारं पाणी सोसणाऱ्या पास्पालम जातीच्या गवतावर, एवढा प्रस्ताव असेल तर चर्चेला बसावं.

रोजगाराचं पारडं हलकं समजू नये. गावातल्या मुलांना मुंबईला जायचं नसतं आणि पगाराची नोकरी कुणाला नको असते? पण माळीकाम, कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा), हाउसकीपिंग यांतल्या किती जागा कायम आणि किती कंत्राटी, हे लेखी घ्या. दुसऱ्या बाजूला काजू आहे : बी, बोंडं, गोव्यात बोंडांपासून काढलेली हुर्राक आणि फेणी ही दारू. हे उत्पन्न मोसमी आणि बेभरवशाचं असलं तरी झाडांवरचा हक्क घरात राहतो. जमीन एकदा विकली की तो परत येत नाही.

कागदही पाहा. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर (तिथला सातबाराच) कुळाचं नाव आहे का? कूळकायद्यानं कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१च्या कायद्यानुसार शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. जमीन खाजगी वन ठरायला तिथे किमान पाच हेक्टर क्षेत्र, ०.४ छत्रघनता (झाडांच्या फांद्यांनी झाकलेल्या जमिनीचं प्रमाण) आणि ७५ टक्के वनवृक्ष हे निकष आहेत. सर्वोच्च न्यायालयानं ते २०२४मध्ये कायम ठेवले. महाराष्ट्रात सातबारावर वन लिहिलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानुसार, मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं वन असलेल्या जमिनीलाही वनसंवर्धन कायदा लागू होतो.

माझं मत : राईत बारमाही झरा असेल तर कोर्स नको, नकाशा कितीही हिरवा रंगवलेला असो. झरा नसेल तर सही करण्याआधी गावानं स्वतः दोन उन्हाळे, मे महिन्यात, विहिरींची पातळी मोजून वहीत लिहून ठेवावी आणि त्या पातळीखाली पाणी गेलं तर उपसा थांबेल अशी अट करारात घालून घ्यावी.