तेरा दिवसांच्या मंत्रिमंडळाचा शोध: संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाचा परिचय

अटलबिहारी वाजपेयी यांचे १६ मे १९९६ रोजी शपथ घेतलेले मंत्रिमंडळ अभ्यासू इच्छिणाऱ्यांना संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाची सेवा मी आग्रहाने सुचवेन. लोकसभेतील चर्चा येथे विनामूल्य वाचता येतात, आणि २७ व २८ मे रोजीच्या विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा मुळातून वाचल्यावर हे सरकार मतदानाआधीच राजीनामा देऊन का गेले, हे वृत्तपत्री आठवणींपेक्षा कितीतरी स्पष्ट होते. संरक्षण खाते प्रमोद महाजनांकडे आणि उद्योग खाते सुरेश प्रभूंकडे होते, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय अधिकच जवळचा वाटेल.

मात्र सेवेची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. याच मंत्रिमंडळाने, बहुमत सिद्ध झालेले नसताना, रत्नागिरी जिल्ह्यातील एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने देणी न भरल्यास ती केंद्राने भरण्याच्या हमीला, मंजुरी दिली. माझ्या मते त्याच्या अल्प कारकिर्दीतील हा सर्वांत गंभीर निर्णय होता. पण मंत्रिमंडळाच्या बैठका गोपनीय असतात, त्यामुळे सभागृहातील भाषणे कितीही बारकाईने वाचली तरी तो निर्णय घेताना झालेला विचारविनिमय त्यांतून उलगडत नाही. भाषणांच्या अभ्यासासाठी मात्र ही सेवा उत्तम आहे.