इंद्रजालचा जुना ‘वेताळ’: मुखपृष्ठ देखणं, कणा खिळखिळा

सत्तरच्या दशकातला मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ (इंग्रजीतला ‘फँटम’) अंक. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या रद्दीच्या पेटीतून निघालेला. विक्रेत्याचा भाव १,५०० रुपये आणि सोबत शेरा: ‘एकदम कडक’. मुखपृष्ठाच्या फोटोवर गेलं तर शेरा पटतोही. अंक हातात घेतल्यावर आमची मोजणी १० पैकी ३.० ला थांबली. कॉमिक्सची अवस्था मोजायची ही मोजपट्टी अमेरिकेतली, ०.५ पासून १०.० पर्यंतची. तिच्यावर ६.० म्हणजे नीट वाचलेला, जपलेला अंक आणि ९.४ म्हणजे जवळपास कोरा. गावाकडच्या पेटीतून ९.४ निघाला असं कुणी सांगितलं, तर आधी पिना पाहा.

या अंकाच्या दोन पिनांपैकी वरची गंजली आहे. गंज नुसता पिनेवर राहिला असता तर चाललं असतं. इथे तो कागदात उतरलाय, भोकाभोवती तपकिरी वर्तुळ झालंय, आणि तिथला कागद इतका ठिसूळ की मधलं जोडपान वरच्या बाजूने सुटलंय. खालची पीन शाबूत आहे, म्हणून ते अजून लोंबतंय एवढंच. मधलं पान सुटलं की किंमत निम्म्यावर येते, मुखपृष्ठ कितीही झळकत असो.

पानं पूर्ण आहेत. ते तपासायची सोपी रीत अशी: पिनेने शिवलेल्या अंकात प्रत्येक कागद मधोमध दुमडलेला असतो, त्यामुळे एका बाजूचं पान कुणी फाडून नेलं, तर दुसऱ्या बाजूचं जोडीचं पान सुटं होतं. सुटं पान दिसलं की त्याचा जोडीदार शोधायचा. जाहिरातींची पानं मुद्दाम उलटून पाहावीत. पोरांनी कूपन कापलं असेल, तर मागच्या पानावरचं चित्रही गेलेलं असतं. या अंकात कापाकापी नाही. पहिल्या पानावर निळ्या शाईत मालकाचं नाव आहे, त्याने फार बिघडत नाही. ते खोडायचा प्रयत्न झाला असता तर बिघडलं असतं.

रंगाबद्दल मात्र विक्रेत्याचा शेरा खरा आहे. ऊन लागलेल्या छपाईत तांबडा-गुलाबी आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे उरतो. त्यामुळे वेताळाचा जांभळा पोशाख मुखपृष्ठावर निळसर आणि आत जांभळा दिसला, तर अंक उजेडात पडून होता हे नक्की. इथे आत-बाहेर सारखाच जांभळा आहे. पेटीत राहिल्याचा फायदा.

पेटीचा तोटा कागदावर दिसतो. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. तोवर हे अंक वाचून रद्दीत घालायचेच होते. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहतं, ते हवा, उजेड आणि उष्णतेने पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं, कडा मोडायला लागतात. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) काढलेला कागद थंड खोलीतल्या कागदापेक्षा कितीतरी आधी म्हातारा होतो. या अंकाच्या कडा गडद मधाच्या रंगाच्या आहेत, पण बोटाने हलकेच वाकवल्या तर तुटत नाहीत. अजून बरीच वर्षं टिकेल, नीट ठेवला तर.

ठेवण्यात आपल्याकडे दोन चुका होतात. पहिली म्हणजे कूलरची खोली. उन्हाळ्यात माणसाला ती सुखाची, अंकाला नाही. ओल्या हवेने पिना गंजतात, मृगाआधीच बुरशीची सोय होते. दुसरी चूक लॅमिनेशन. ते पुन्हा निघत नाही आणि संग्राहक त्या अंकाला हात लावत नाहीत. सेलोटेपही तीच जात: चिकटद्रव कागदात मुरतो, पिवळा डाग कायमचा.

हा अंक घेतलाच तर गंजकी पीन ओढून काढू नका. अंक मधोमध उघडून सपाट ठेवायचा, पिनेचे दोन्ही पाय पातळ बोथट पात्याने हळू सरळ करायचे आणि पाय आतून ढकलून पीन कण्याच्या बाजूने बाहेर काढायची. जुन्या भोकांतूनच स्टेनलेस स्टीलची पीन बसवायची, नवी भोकं पाडायची नाहीत. पीन बदलली हे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचं. लपवलेली दुरुस्ती कधी ना कधी उघडी पडतेच. मग पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलारची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पातळ पत्र्याची) पिशवी, आत आम्लरहित पुठ्ठा, उभा डबा, बाजूला सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात पुडी बदलायची. पीव्हीसीची मऊ, वासाची पिशवी नको. कसर लागू नये म्हणून डब्याबाहेर वाळलेला कडुनिंब चालेल, ओला पाला मात्र डब्यात घालू नका. डबा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवला तर वाळवी पुठ्ठ्यापासून सुरुवात करते.

पॅकिंगला पाचपैकी एक गुण. अंक नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला, वरचा उजवा कोपरा दुमडलेला. तो बाक ताजा आहे, कारण घडीतला कागद आतून अजून पांढरट दिसतो. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, चारही कोपऱ्यांना आधार आणि वर प्लास्टिक, एवढं मागून घ्या. त्यासाठी ५० रुपये जास्त गेले तरी चालतील.

भावाचं म्हणाल तर ६०० पर्यंत घ्यावा, वाचायला आणि संग्रहातली जागा भरायला. १,५०० हा भाव मधलं पान घट्ट असलेल्या अंकाचा. फोटो मागताना मुखपृष्ठाचा मागू नका. अंक उघडा ठेवून मधल्या पानाचा, दोन्ही पिना दिसतील असा मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो अंक राहू द्या.